मोतीच्या खाजेवर नेमकं कुठलं औषध द्यावं?

ठाण्याहून एका ताईंचं पत्र आलं आहे. घरात नवरा, सासूबाई, नववीतला मुलगा आणि सहा वर्षांचा, 30 किलो वजनाचा लॅब्रॅडॉर. त्याला आपण इथे मोती म्हणू. तीन वर्षांपासून मोती खाजवतोय. आधी फक्त पावसाळ्यात, आता बाराही महिने, पण जून ते ऑक्टोबर फारच. पुढचे पंजे चाटून चाटून बोटांमधले केस तांबूस झालेत, कानाला आंबूस वास येतो. रात्री दोन वाजता त्याच्या पट्ट्याची घुंगरं वाजायला लागली की सगळं घर जागं होतं.

दर वेळी प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या मिळाल्या. दोन दिवसांत खाज थांबायची आणि गोळ्या संपल्या की आठवड्याभरात पुन्हा सुरू. वर्षभरात असे चार कोर्स झाले. त्यातला एक ताईंनी घरात उरलेल्या पट्टीतून स्वतःच दिला. गोळ्या चालू असल्या की मोती भांडंच्या भांडं पाणी पितो, हॉलमध्ये लघवी करतो आणि त्यावरून घरात खटके उडतात. आता नव्या डॉक्टरांनी तीन पर्याय ठेवलेत: ऑक्लासिटिनिब, म्हणजे अ‍ॅपोक्वेलची गोळी, सायक्लोस्पोरिनची कॅप्सूल, नाहीतर प्रेडनिसोलोनच, पण दिवसाआड. अमेरिकेतला भाऊ म्हणतो, ‘आमच्या कुत्रीला सायटोपॉइंटचं इंजेक्शन देतात, तेच बघ.’ नव्या गोळीने कॅन्सर होतो असंही ताईंच्या वाचनात आलंय. मोतीच्या बरगडीजवळ लिंबाएवढी मऊ गाठ आहे. ‘चरबीची आहे’ असं वर्षापूर्वी कुणीतरी हात लावून सांगितलं होतं. ताई लिहितात, ‘स्टेरॉइड म्हणजे विष हे मला पटलंय. नवी गोळी महाग आहे आणि भीतीही वाटते. चारातलं एक काय ते सांगा, म्हणजे कायमची चिंता मिटेल.’

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना माझं लक्ष औषधांच्या नावांवरून उडालं आणि दोन गोष्टींवर खिळलं: तांबूस झालेले पंजे आणि लिंबाएवढी गाठ. औषध निवडण्याआधी या दोघांचा निकाल लागायला हवा. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी देणार आहे, पण थोडं वळसा घालून.

मोतीला अ‍ॅलर्जी आहे हे नक्की कुणी, कशावरून ठरवलं? तुमच्या पत्रात ते कुठेच नाही. खाज थांबवणाऱ्या औषधाने खाज थांबली, एवढंच त्यात आहे. प्रेडनिसोलोनने अ‍ॅलर्जीची खाज थांबते, पिसवांची कमी होते आणि खरजेचीही थोडे दिवस दबते. ‘गोळीने बरं वाटलं म्हणजे अ‍ॅलर्जीच’ हे गणित फसवं आहे. ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ असं होऊ नये, यासाठी आधीची पायरी गाळायची नसते.

कुत्र्याच्या त्वचेच्या अ‍ॅलर्जीला, ज्याला डॉक्टर एटोपिक डर्मटायटिस म्हणतात, रक्ताची अशी कुठलीही चाचणी नाही की जी ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगेल. बाकीची कारणं एकेक करून बाजूला काढायची आणि जे उरेल ते अ‍ॅलर्जी, असंच हे निदान होतं. खाज कुठे येते यावरूनही बरंच कळतं. पुढचे पंजे, कानाची पाळी, काख, जांघ, तोंडाभोवती असेल तर अ‍ॅलर्जीकडे बोट जातं. कंबर आणि शेपटीचं मूळ कुरतडत असेल तर पिसवा आधी शोधायच्या. कानाच्या पाळीची अगदी कड खरबरीत झाली असेल आणि ती कड दोन बोटांत चोळल्यावर मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलायला लागला, तर खरजेचा संशय घ्यायचा. हे तुम्ही आज संध्याकाळी घरीच करून बघा. मोतीची सुरुवात तीन वर्षांचा असताना झाली, पुढच्या पंजांपासून झाली, पावसात वाढते. त्यामुळे अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता मला बरीच वाटते. पण ती एकटी नाही.

खाजेचा माठ कसा भरतो बघा. एक तांब्या घरातल्या धुळीतल्या किड्यांचा. हे डोळ्यांना दिसत नाहीत, गादीत, सोफ्यात, गालिच्यात राहतात आणि दमट हवेत फोफावतात. ठाण्याच्या पावसाळ्यात त्यांना याहून चांगलं घर कुठलं? एक तांब्या गोचिडांचा आणि पिसवांचा. एक खाण्यातल्या एखाद्या पदार्थाचा. आणि एक त्वचेवरच्या बुरशीचा नि जंतूंचा. माठ काठोकाठ भरला की मोती खाजवायला लागतो. धुळीतले किडे तुम्ही घरातून हद्दपार करू शकणार नाही, पण बाकीचे तांबे कमी ओतले तर माठ वाहायचा थांबू शकतो. आणि मग औषध लागलंच तर कमी औषधात भागू शकतं. तुमच्या घरच्या बजेटच्या दृष्टीनेही हाच भाग सगळ्यात मोलाचा आहे.

तांबूस पंजांचं सांगतो. केसांचा रंग लाळेने बदलतो, म्हणजे तो खूप चाटतोय. पण आंबूस वास, बोटांच्या बेचक्यात चिकट तपकिरी मळ आणि तेलकटपणा असेल, तर तिथे मॅलॅसेझिया नावाची बुरशी माजलेली असण्याची दाट शक्यता आहे. ती एरवीही कुत्र्याच्या अंगावर थोडी असते. त्वचा आजारी पडली की बेसुमार वाढते आणि स्वतःच खाज निर्माण करते. डॉक्टर एक पारदर्शक चिकटपट्टी पंजाच्या बेचक्यात दाबतात, काचपट्टीवर लावून रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. शेंगदाण्याच्या, नाहीतर पावलाच्या ठशाच्या आकाराच्या पेशी दिसल्या की ती बुरशी. दहा मिनिटांचं काम आहे. कानातल्या मळाचंही असंच करता येतं. ही तपासणी मोतीची एकदाही झाली नसेल, तर वर्षभरात चार कोर्स का फसले याचं उत्तर कदाचित तिथेच आहे. बुरशी तशीच ठेवून तुम्ही जगातली सगळ्यात महाग गोळी दिलीत तरी तो पंजे चाटतच राहणार आणि तुम्ही म्हणणार, ‘एवढे पैसे घातले, तरी गुण नाही.’

बुरशी निघाली तर क्लोरहेक्सिडिन आणि मायकोनॅझोल एकत्र असलेला शाम्पू मिळतो. आठवड्यातून दोनदा, साधारण तीन ते चार आठवडे. इथे बहुतेक घरांत एकच चूक होते: फेस केला की लगेच धुतात. तो फेस अंगावर दहा मिनिटं राहायला हवा. मोबाइलवर वेळ लावा, मुलाला त्याच्या पोटाखाली आणि पंजांत हळूहळू चोळत राहायला सांगा. मग भरपूर पाण्याने धुवा आणि बोटांची बेचकी कोरडी करा. पावसातून फिरवून आणल्यावर चारही पंजे साध्या पाण्याने धुऊन टॉवेलने टिपून घेणं हे रोजचं काम. गाजरगवत आणि कुंपणाकडेच्या गवताचे परागकणही त्यानेच उतरतात. खोबरेल तेल लावू नका. तेलकट, ओल्या त्वचेवर आणखी तेल म्हणजे बुरशीला घर बांधून देणं. फरशी पुसायचं जंतुनाशक आंघोळीच्या पाण्यात नको. आणि गोचिडांसाठी रॉकेल तर मुळीच नको. त्याने भाजलेली कातडी मी पाहिली आहे.

गोचिडांबद्दल पत्रात एक ओळ आहे, ‘कधीतरी एखादी दिसते.’ ताई, दिसली एक तरी न दिसलेल्या बऱ्याच असतात, आणि पिसवांच्या अ‍ॅलर्जीत तर एका चाव्याने कुत्रा कित्येक दिवस खाजवत राहू शकतो. फ्लुरालानर, अ‍ॅफॉक्सोलानर अशा औषधांच्या चघळायच्या गोळ्या मिळतात. पहिलीचा परिणाम गोचिडांवर आणि पिसवांवर साधारण बारा आठवडे टिकतो, दुसरी दर महिन्याला द्यायची. त्यांनी खरजेचे किडेही मरतात, म्हणजे तो संशयही सोबतच निकाली निघतो. मोतीला कधी फिट आली असेल तर मात्र हे औषध देण्याआधी डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि हे फक्त पावसाळ्यात नाही, वर्षभर.

गोचिडांचा दुसराही धोका आहे आणि आपल्याकडे तो फार महत्त्वाचा आहे. गोचीड-ताप. अर्लिकिया, बबेसिया हे जंतू कुत्र्याच्या रक्तात महिनोन्‌महिने दडून राहू शकतात. ज्या औषधांचा आपण विचार करतोय त्यांतली काही प्रतिकारशक्ती दाबणारी आहेत. म्हणून आपल्या हवेतल्या कुत्र्याला असं औषध लांब मुदतीवर सुरू करण्याआधी रक्ताचा पूर्ण हिशोब, प्लेटलेट्ससकट, आणि यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्या करून घ्याव्यात असं माझं ठाम मत आहे. मोतीचे वर्षभरात चार स्टेरॉइड कोर्स झालेत, तेव्हा त्याच्या बाबतीत हे टाळूच नका.

आता गाठ. हात लावून ‘चरबीची’ म्हणणं हा अंदाज असतो, निदान नव्हे. सहा वर्षांच्या लॅब्रॅडॉरच्या बरगडीवरची मऊ गाठ बहुतेक वेळा चरबीचीच निघते हे खरं. पण मास्ट सेल ट्यूमर नावाची एक वाईट गाठ हाताला अगदी तशीच लागू शकते. साध्या सुईने चार पेशी ओढून काचेवर घ्यायच्या. त्याला भूल लागत नाही, टाके पडत नाहीत. हे आधी करा. कारण तुम्ही वाचलेली कॅन्सरची गोष्ट इथे येऊन भिडते.

ऑक्लासिटिनिबच्या पाकिटातल्या पत्रकातच लिहिलेलं असतं की हे औषध आधीपासून असलेली गाठ वाढवू शकतं, आणि औषध घेणाऱ्या कुत्र्यांमध्ये नव्या गाठी दिसल्याच्या नोंदी आहेत. पण औषध घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या खाजऱ्या कुत्र्यांची तुलना करणाऱ्या एका अभ्यासात कर्करोगाच्या प्रमाणात ठळक फरक आढळला नव्हता. तेव्हा ‘या गोळीने कॅन्सर होतो’ असं मी म्हणणार नाही आणि ‘काही होत नाही’ असंही म्हणणार नाही. ज्याच्या अंगावर न तपासलेली गाठ आहे त्याला ही गोळी तपासल्याशिवाय देऊ नये, इतकं मात्र स्पष्ट म्हणेन. सुईच्या तपासणीत चरबीच निघाली, तर त्या गाठीपुरती तुमची भीती बाजूला ठेवायला हरकत नाही.

तर आता चार औषधं.

प्रेडनिसोलोनला तुम्ही विष म्हणता. मला तो शब्द पटत नाही, पण तुमचा राग कुठून येतो ते समजतं. स्टेरॉइड सगळ्यात जुनं, स्वस्त आणि जोरदार औषध आहे. कातडी लाल, सुजलेली, ओली झाली असेल, कुत्रा स्वतःला ओरबाडून रक्त काढत असेल, तर पाच-सात दिवसांचा कोर्स हा चांगला उपचार आहे. चूक तिथे होते जिथे तो आग विझवण्यापुरता न राहता रोजचा होतो. तहान, लघवी, भूक, धाप हे तुम्ही पाहिलंतच. हॉलमधल्या लघवीत मोतीचा काही दोष नव्हता, हे सासूबाईंना जरूर सांगा. तेवढं पाणी पोटात गेल्यावर रात्रभर धरून ठेवणं त्याला शक्यच नसतं. महिनोन्‌महिने दिलं तर स्नायू झडतात, पोट लोंबतं, कातडी पातळ होते, लघवीत जंतू होतात, काहींना मधुमेह होतो. काही आठवडे चाललेली गोळी एका दिवशी अचानक बंद करता येत नाही, पायरीपायरीने कमी करावी लागते. आणि सांधेदुखीसाठी मेलॉक्सिकॅमसारखी गोळी चालू असेल तर दोन्ही एकत्र कधीच नाही. जठराला छिद्र पडण्यापर्यंत मजल जाते. महिनाभर पुरणाऱ्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनपासून मी लोकांना परावृत्त करतो. गोळी त्रास द्यायला लागली तर उद्यापासून कमी करता येते, टोचलेलं परत काढता येत नाही. दिवसाआड, कमीत कमी मात्रेत गोळी हा पर्याय तुमच्या डॉक्टरांनी सुचवला आहे. दुसरं काही परवडत नसेल, तर त्यात कमीपणा नाही. मात्र दर काही महिन्यांनी रक्त आणि लघवी तपासायची हे त्याच्यासोबत आलंच.

ऑक्लासिटिनिबला अमेरिकेत 2013मध्ये मान्यता मिळाली. खाजेचा निरोप पेशींपर्यंत पोहोचवणारी जी साखळी असते, तिच्यातली एक कडी हे औषध अडवतं. गुण फार लवकर येतो, बहुतेकांना पहिल्याच दिवशी. स्टेरॉइडसारखी तहान-लघवी होत नाही, त्यामुळे तुमच्या हॉलचा प्रश्न सुटतो. मात्रा किलोमागे 0.4 ते 0.6 मिलिग्रॅम, पहिले जास्तीत जास्त 14 दिवस दोन वेळा, मग दिवसातून एकदा. मोतीच्या 30 किलोला हे 12 ते 18 मिलिग्रॅम होतं, म्हणजे 16 मिलिग्रॅमची एक गोळी. पहिल्या पंधरवड्यात 28 गोळ्या आणि नंतर महिन्याला 30, असा हिशोब मांडून औषधाच्या दुकानात भाव विचारा, म्हणजे नेमका आकडा हातात येईल. दोनाची एक गोळी केल्यावर काही कुत्र्यांची खाज चार-सहा दिवस थोडी उसळते. त्या दिवसांत घाबरून ‘गोळीचा असर गेला’ म्हणत पुन्हा दोन सुरू करू नका. वर्षाच्या आतलं पिल्लू, गाभण किंवा पाजणारी कुत्री, आणि अंगात मोठा संसर्ग असलेला कुत्रा, यांना हे औषध चालत नाही.

सायक्लोस्पोरिन मंद गतीचं आहे. चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे आज रात्रीच्या घुंगरांवर त्याचा उपयोग नाही. रोज किलोमागे 5 मिलिग्रॅम, जेवणाच्या दोन तास आधी किंवा नंतर. सुरुवातीला उलट्या-जुलाब बऱ्याच कुत्र्यांना होतात, पुढे हिरड्या वाढू शकतात. पण एकदा लागू पडलं की अनेकांत दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा इतकं कमी करता येतं. वर्षानुवर्षं खाजवून कातडी हत्तीसारखी जाड, काळी झालेल्या कुत्र्यांत मला याचा चांगला अनुभव आहे. मोतीचं तसं झालेलं पत्रावरून वाटत नाही. बुरशीसाठी पोटातून किटोकोनॅझोल चालू केलं तर याची रक्तातली पातळी वाढते, म्हणून दोन डॉक्टरांकडे जात असाल तर दोघांनाही सगळी यादी दाखवा.

भाऊ म्हणतो ते इंजेक्शन म्हणजे लोकिवेटमॅब. ही नेहमीच्या अर्थाने गोळी-औषध नाही, प्रतिपिंड आहे. इंटरल्यूकिन-31 नावाचा एक रेणू मज्जातंतूंना ‘खाज’ असा निरोप देतो, त्याला हे वाटेतच पकडतं. बाकीच्या प्रतिकारशक्तीला फारसा हात लावत नाही, म्हणून लहान वयात, संसर्ग असताना, इतर औषधांबरोबर आणि गाठीची शंका असलेल्या कुत्र्यातही ते जवळचं वाटतं. एका टोचणीचा असर चार ते आठ आठवडे. पण सगळ्यांना लागू पडत नाही, काहींत पुढे पुढे असर कमी होतो, आणि सुजलेल्या कानांवर ते स्टेरॉइडइतकं चालत नाही. ते 2 ते 8 अंशांतच ठेवावं लागतं. त्यामुळे मिळालं तरी ते भावाच्या बॅगेतून नको, तुमच्या डॉक्टरांच्या फ्रिजमधून यायला हवं. भावाच्या कुत्रीला लागू पडलं म्हणून मोतीला पडेलच असं नाही, आणि नाही पडलं तर तुम्ही निवडीत चुकलात असंही नाही.

सेटिरिझिन या माणसांच्या अ‍ॅलर्जीच्या गोळीबद्दलही तुम्ही एका वाक्यात विचारलंय. कुत्र्यांच्या खाजेत त्याचा उपयोग थोडाच होतो, तोही मोजक्यांना. देऊन बघायला हरकत नाही, पण डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत आणि साधीच गोळी. सर्दीच्या मिश्र गोळ्या आणि सिरप चुकूनही नकोत. नाक मोकळं करणारी औषधं कुत्र्याला घातक ठरू शकतात आणि काही सिरपांत झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ असतो, तो त्यांच्यासाठी विष आहे. हा शब्द इथे मी विचार करून वापरतोय.

मोतीसाठी माझा क्रम असा राहील. पहिल्या आठवड्यात गाठीची सुई, रक्त, पंजाची चिकटपट्टी, कानाचा मळ आणि गोचिडांची गोळी. शाम्पू सुरू. या काळात तो झोपत नसेल तर त्याला तसाच सोसत ठेवायचं नाही. गाठ चरबीची निघाली आणि रक्त ठीक असेल तर ऑक्लासिटिनिब दोन-तीन आठवडे. गाठ संशयास्पद निघाली तर खाजेआधी तिच्याकडे बघायचं, आणि खाजेसाठी लोकिवेटमॅब मिळतं का ते डॉक्टरांना विचारायचं.

खाज शांत झाली की खाण्याची परीक्षा. तुम्ही लिहिलंय, मोती चिकन-भात, दूध-पोळी आणि मुलाच्या हातून बिस्किटं खातो. कुत्र्यांत बीफ, दुधाचे पदार्थ, चिकन आणि गहू ही नेहमीची नावं; म्हणजे तीन तर त्याच्या ताटातच आहेत. त्याने आजवर कधी न खाल्लेलं एक प्रथिन आणि एक पिष्ट, किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेलं हायड्रोलाइज्ड, म्हणजे प्रथिनं बारीक तोडलेलं खाणं, पूर्ण आठ आठवडे. दुसरं काहीही नाही. सासूबाईंच्या ताटातला पोळीचा तुकडा नाही, दुधाचं पातेलं चाटणं नाही, चिकनच्या स्वादाची चघळायची गोळीसुद्धा नाही. त्या आठ आठवड्यांत गोचिडांसाठी मानेवर टाकायचं औषध मागून घ्या. घरी शिजवणार असाल तर कांदा-लसूण नको, आणि आठ आठवड्यांपुढे तेच चालू ठेवायचं असेल तर कॅल्शियम वगैरे पुरवणी विचारून घ्या. शेवटच्या काही आठवड्यांत खाजेची गोळी बंद करून बघायचं. खाज आली नाही तर जुनं खाणं परत द्यायचं, आणि पंधरा दिवसांत पुन्हा खाजवायला लागला तर तुमचं निम्मं उत्तर तुम्हाला फुकटात मिळालं. हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि ते घरातल्या प्रत्येकाने पाळलं तरच होतं. सासूबाईंना आधीच सामील करून घ्या. ‘त्याला काही देऊ नका’ म्हणण्यापेक्षा ‘तुम्हीच त्याचं ताट वाढा’ म्हटलंत तर जास्त जमेल.

एवढं करूनही खाज राहिली, तर मग ती धुळीची-परागाची अ‍ॅलर्जी, आणि तेव्हा ‘चारातलं एक’ हा प्रश्न खरा होतो. गाठ निर्धोक असेल तर मोतीसाठी मी जून ते ऑक्टोबर ऑक्लासिटिनिब, उरलेल्या महिन्यांत शाम्पू आणि गोचिडांची गोळी, असं धरून चालेन आणि दरवर्षी रक्त तपासेन. पुढे अ‍ॅलर्जी-लशीचाही विचार करा: रक्ताच्या किंवा त्वचेच्या चाचणीतून नेमकी कशाची अ‍ॅलर्जी ते शोधून, तेच अगदी थोडं थोडं टोचून शरीराला सवय लावतात. निम्म्याहून अधिक कुत्र्यांना फायदा होतो, पण सहा महिने ते वर्षभर वाट पाहावी लागते. त्या महागड्या चाचण्यांचा उपयोग एवढ्यासाठीच. केस किंवा लाळ पाठवून करायच्या चाचण्यांवर पैसे घालवू नका.

‘कायमची चिंता मिटेल’ असं औषध या चौघांत नाही, ताई. ही अ‍ॅलर्जी मधुमेहासारखी सांभाळायची असते, आणि तुम्ही ती तीन वर्षं रात्री उठून सांभाळतच आलात. महाग गोळी घेतली नाही तर आपलं प्रेम कमी पडलं, असं तुमच्या पत्रात दोन ठिकाणी डोकावतं. तसं मुळीच नाही. वर्षभर देता येईल असं औषध घ्या. तीन महिने देऊन मग पैशाअभावी सोडावं लागेल, असं नको.

दारामागे एक कागद लावा. रोज रात्री झोपताना एकाच माणसाने, तुमच्या मुलाने म्हणा, 0 ते 10मध्ये खाजेला गुण द्यायचे: 0 म्हणजे निवांत, 10 म्हणजे खाणं-झोप सोडून खाजवणं. शेजारी त्या दिवशीचं औषध, आंघोळ आणि रात्री किती वेळा घुंगरं वाजली ते. पुढच्या भेटीत हा कागद डॉक्टरांसमोर ठेवा. ‘थोडा फरक वाटतो’ यापेक्षा तो त्यांना खूप जास्त सांगेल. आणि कपाटात उरलेली ती प्रेडनिसोलोनची पट्टी सोबत नेऊन त्यांच्या हवाली करा. गाठीचा रिपोर्ट आला की मला दोन ओळी लिहा, मी वाट बघतोय.